कशाच्या मानाने?

आमचे सर विद्वान होते की नुसतेच चक्रम, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. दोन्ही होते असं म्हणून मोकळं होता येईल, पण मग कोणत्या दिवशी कोणते होते हे कसं सांगायचं? मी त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काढली. त्यांचे अहवाल टाइप केले, त्यांच्या मीटिंगा ठरवल्या, त्यांनी चिडवून घालवलेल्या लोकांना फोन करून परत चहाला बोलावलं. आणि तरी रोज घरी जाताना माझ्या मनात एकच यायचं, की यार, हा माणूस आज नक्की म्हणाला काय?

सरांचं काम आवाजाचं. गाण्याबजावण्याचं नव्हे, नको असलेल्या आवाजाचं. रस्त्याचा, मशीनचा, जनरेटरचा आवाज मोजायचा, तो कुठून येतो ते शोधायचं आणि कमी कसा करायचा ते सांगायचं. शिवाय अजून न बांधलेल्या रस्त्याचा आवाज शेजारच्या अजून न बांधलेल्या बिल्डिंगीत किती येईल, हेही आमच्याकडे गणित करून मिळायचं. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे ज्योतिषी आहेत." मी ते जसंच्या तसं सरांना सांगितलं. वाटलं, चिडतील. तर ते गंभीरपणे म्हणाले, "ज्योतिषाची एक सोय असते. त्याच्या दारात नंतर कुणी मीटर घेऊन येत नाही."

आणि ही आवाजाची प्रयोगशाळा होती कुठे, तर गाझियाबादच्या इंडस्ट्रियल एरियात, पत्रे ठोकणाऱ्या कारखान्याला अगदी चिकटून. दिवसभर नुसतं धाड धाड. पण आत एक खोली होती, भिंतींना, छताला, दाराला सगळीकडून फोमच्या जाड पाचरी लावलेली. तिला आम्ही गप्प खोली म्हणायचो. दार लावलं की बाहेरचं काहीही आत येत नसे आणि आत बोललेला शब्द ओठांशीच विरून जायचा. माझा इंटरव्ह्यू त्याच खोलीत झाला. सरांनी मला समोर बसवलं, दार लावलं आणि नुसते बसून राहिले. मला वाटलं, आता विचारतील, मग विचारतील. विचारेचनात.

"काय ऐकू येतंय?" ते एकदम म्हणाले.

"काही नाही, सर."

"खोटं."

मी घाबरलेच. सकाळपासून पोटात काही नव्हतं. म्हटलं, "सर, माझं पोट गुरगुरतंय."

"गुरगुरतं ते कुत्रं. पोट गुडगुडतं," सर म्हणाले. "उद्यापासून या."

बस्स. सर्टिफिकेटांची फाइल मी मांडीवरून उघडलीसुद्धा नव्हती.

आता माझं मराठी म्हणजे दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं. बाबा केंद्र सरकारात. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. जेवणखाण, देव, नातेवाईक आणि रागावणं एवढ्यापुरते शब्द माझ्याकडे होते, बाकी भगदाडं मी हिंदीने बुजवायची. सरांचं बरोब्बर उलटं. पुण्याचे ते पुण्याचेच राहिले. 'आवाज येतोय' असं नुसतं म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "आवाज म्हणजे काय? त्याचं नाव सांगा." मोजणीच्या कागदावर त्यांनी 'ध्वनीचं नाव' असा खास रकाना करून घेतला होता. किरकिर, खरखर, घरघर, काय काय. आमचा हरयाणाचा इंजिनिअर कुठल्या तरी पंख्यासमोर उभा राहून मला फोन करायचा, "मॅडम जी, ये जो कर रहा है, इसको मराठी में क्या बोलते हैं?" मला तरी कुठे माहीत! मी फोनवर ऐकायची आणि अंदाजपंचे काहीतरी सांगायची. सर तो कागद बघून म्हणायचे, "पंखा भणभणत नाही. माश्या भणभणतात. परत जा." की तो बिचारा परत फरीदाबादला.

"सर, मीटरवर आकडा आहे की," मी एकदा त्याची बाजू घेऊन म्हटलं.

"मीटर किती ते सांगतं. कोण ते नाही सांगत."

आकड्यांचं तर विचारूच नका. साठ आणि साठ किती, असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात विचारलं. मी म्हटलं, एकशेवीस. तर म्हणे, त्रेसष्ट. दोन सारखी मशीनं शेजारी शेजारी लावली की आवाजाचा आकडा दुप्पट होत नाही, एवढाच वाढतो, हे त्यांनी फळ्यावर समजावून दिलं. त्या वेळी मला कळलंही. घरी पोचेपर्यंत पार गेलं. मग मी कधी म्हटलं, की सर, घरी मुलगी आणि कुकर एकदम ओरडतात हो, तर शांतपणे म्हणायचे, "साठ आणि साठ त्रेसष्ट. फार फरक पडत नाही."

पण ह्या सगळ्याहून जीव खाणारी गोष्ट म्हणजे त्यांचा तो प्रश्न. सर, बरे आहात ना? "कशाच्या मानाने?" सर, चहा गोड झालाय का? "कशाच्या मानाने?" आवाजाचा आकडा म्हणे नेहमी कशाच्या तरी मानानेच असतो, नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. असेल बाबा. पण बायकोने नवी साडी नेसून "कशी दिसते" विचारलं तेव्हाही ह्या गृहस्थांनी तेच विचारलं. हे मला त्यांच्या मिसेसनीच सांगितलं, आणि सर त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये का जेवत होते त्याचाही उलगडा झाला. इतक्या वर्षांत सरांनी कुणाला सरळ हो किंवा नाही म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आणि टाळी! कुठल्याही नव्या जागेत पाय ठेवला की ते एक टाळी वाजवायचे आणि मान तिरकी करून ती कशी परत येते ते ऐकायचे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सभागृहात आमच्याच क्षेत्रातल्या एका गृहस्थांची शोकसभा होती. सर उशिरा आले, मागच्या दाराने. स्टेजवरचे वक्ते "अब वे हमारे बीच नहीं रहे" एवढं म्हणून आवंढा गिळायला थांबले, आणि तेवढ्यात ह्यांची टाळी. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांना वाटलं, भाषण संपलं. त्यांनीही वाजवल्या. मग काय, सगळं सभागृह. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर माझ्याशेजारी येऊन बसले आणि कानात म्हणाले, "छत बदलायला हवं."

अशा माणसाला मी आपण होऊन घरी कशाला बोलावलं असतं? पण वेळच तशी आली.

सासरे गेल्यावर सासूबाई चिपळूणहून आमच्याकडे राहायला आल्या. आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर. त्यांना रस्त्यापासून लांबची, मागच्या डक्टला लागून असलेली खोली दिली, तेवढाच त्यांना निवांतपणा. थोड्याच दिवसांत त्या मला म्हणाल्या, "अगं, ती भिंत घुमते."

मी भिंतीकडे पाहिलं. "घुमते?"

"घुमते की. तुला नाही का गं तसं होत?"

"नाही हो, आई."

मी जे समजायचं ते समजले. संध्याकाळी नवरा गुडगावहून आला तेव्हा त्याला म्हटलं, "आईंना भिंत फिरल्यासारखी वाटते." तो म्हणाला, चक्कर असेल, डॉक्टरांना दाखव. आपल्या मुलांपुढे सासूबाई ह्याबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. "त्यांच्यामागे काय कमी व्याप आहेत," म्हणायच्या. मग मीच त्यांना घेऊन गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, क्या तकलीफ है?" मी तोंड उघडायच्या आत त्याच आपल्या हिंदीत म्हणाल्या, "दीवार घुमती है."

"अच्छा. कब घूमती है?"

"सुबह. शाम को. कभी कभी पूरा दिन."

"लेटने पर?"

"लेटने पर ज्यादा. दीवार के पास सोती है ना मैं."

डॉक्टर माझ्याकडे बघून मान डोलवायला लागले. अगदी पुस्तकात छापल्यासारखी केस, म्हणाले, आणि चक्करवरच्या गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी त्यांना सारखी गुंगी यायची. ताठ चालणाऱ्या सासूबाई भिंत धरून चालायला लागल्या, कारण तुम्हाला चक्कर येते असं आम्ही सगळ्यांनीच त्यांना बजावलं होतं. दूध गॅसवर ठेवायच्या आणि विसरून जायच्या. दुपारी बघावं तर पलंगावर बसून, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटलेले. "आई, पडा जरा," म्हटलं तर म्हणायच्या, "पडले की जास्त घुमते." गोळ्या वाढवल्या. गुंगी वाढली. पुण्याच्या मोठ्या दिरांना मी फोनवर सगळं सांगत होते, की अजून भिंत फिरते म्हणतात, आणि भिंतीला डोकं लावून बसतात. ते म्हणाले, आईला आता भास व्हायला लागलेत. स्मृती गेलेल्या वृद्धांना सांभाळणारं एक केंद्र पुण्यात आहे, चांगलं आहे, तिथे खोली मिळतेय, रविवारी येतो न्यायला.

सासूबाईंनी ते ऐकलं. रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. साड्यांच्या घड्या घालून बॅगेत ठेवायला लागल्या. मला म्हणाल्या, "माझं डोकं गेलं असेल तर तुम्ही म्हणाल तिथे जाईन मी. पण गेलंय का, एवढं तरी कुणीतरी नक्की सांगा गं."

काय सांगणार होते मी? मलाच काही कळत नव्हतं. पत्ते खेळताना माझ्या मुलीला दर डावात हरवणारी बाई, आणि तिला भिंत फिरताना दिसते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात टाइप करता करता मला रडूच कोसळलं. सर समोर येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "सर, माझ्या सासूबाईंना वेड लागलंय."

"कशाच्या मानाने?"

"सर, आज नको हं!" मी ओरडलेच. "सांगून ठेवते, आज बिल्कुल नको!"

सर वरमले. मग म्हणाले, "काय म्हणतात त्या?"

"भिंत फिरते म्हणतात."

"त्यांच्या शब्दांत सांगा."

"आता शब्दांत काय आहे, सर?"

"रविवारी येतो," ते म्हणाले, आणि गप्प खोलीत जाऊन बसले.

रविवारी सकाळी मोठे दीर विमानाने आले, आणि पाठोपाठ सर मीटरची काळी पेटी घेऊन. दारात आल्या आल्या टाळी. दिरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ह्या घरात नक्की किती जणांना न्यायचंय? सर थेट सासूबाईंच्या खोलीत गेले. आम्ही सगळे मागोमाग. पलंगाशेजारी भरलेली बॅग होती.

"मावशी, काय होतं तुम्हाला?"

"मला चक्कर येते म्हणतात."

"ते ते म्हणतात. तुम्ही काय म्हणता?"

सासूबाईंनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "भिंत घुमते."

सर खुर्चीतून उठलेच. "घुमते? पारवा घुमतो तशी?"

"नाही हो. घागर फुंकल्यासारखी. नवरात्रात महालक्ष्मीपुढे फुंकतो ना आम्ही बायका, तशी."

"थांब, थांब," मोठे दीर म्हणाले. "म्हणजे आवाज येतो? ही तर म्हणत होती, भिंत फिरते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "घुमते म्हणजे घूमतीच ना?"

नवऱ्याने कपाळावर हात मारून घेतला. मग मला समजावलं, की अगं, मराठीत घुमतो तो आवाज, भरून राहिलेला, घागरीतला, देवळातला. माझ्या पायाखालची जमीनच घूमायला लागली, हिंदीतली. आणि डॉक्टर? त्यांनी तरी दुसरं काय ऐकलं असणार?

पण दीर काही विरघळले नाहीत. म्हणाले, "फिरू दे नाहीतर घुमू दे. आम्हा कुणाला काही ऐकू येत नाही. तुमचं मीटर लावा." सरांनी लावलं. आकडा अगदी लहान. दीर म्हणाले, "बघा. म्हणजे भासच."

"हे जाड, खालचे आवाज हिशेबात फार कमी धरतं," सर म्हणाले. "माणसाच्या कानाप्रमाणे बनवलंय म्हणे. कुठल्या माणसाच्या, कोण जाणे." आणि त्यांनी मीटर चक्क पेटीत ठेवून दिलं. आणलं कशाला, ठेवलं कशाला, मला काही कळेना. "घागर आहे का घरात?"

गाझियाबादमध्ये घागर कुठली? उन्हाळ्यातला पाण्याचा माठ होता. तोच रिकामा करून आणला. सासूबाईंनी पदर खोचला, माठाला दोन्ही हातांनी धरलं आणि तोंडाशी ओठ नेऊन फुंकर घातली. हूं! खोली एवढीशी, पण आवाज छातीत आला. गोळ्यांनी अर्धमेली झालेली बाई, कुठून आणला एवढा दम? त्या स्वतःच म्हणाल्या, "ह्यापेक्षा जरा चढा आहे." मी तांब्याने थोडं पाणी ओतलं. पुन्हा फुंकर. "अजून जरा." अजून ओतलं. "हां, बास. हाच."

सरांनी तो सूर गुणगुणत भिंतीला कान लावला. "मोटर आहे," म्हणाले. आपल्याकडच्या विजेवरच्या मोटरी बहुतेक ह्याच सुरात गातात म्हणे. नवरा म्हणाला, गच्चीवर सोसायटीचे पाण्याचे पंप आहेत खरे, आणि त्यांचा पाइप ह्याच भिंतीमागून खाली जातो.

"योगायोग असेल," मोठे दीर म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं. आईला न्यायला आलेला माणूस, त्याला माठावर कसा विश्वास बसावा?

मग सरांनी गार्डला फोन करून गच्चीवर पाठवलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. तिथून ते गार्डला पंप चालू किंवा बंद करायला सांगणार, किंवा मुद्दाम काहीच करायला सांगणार नाहीत, आणि दारावर ठकठक करणार. प्रत्येक ठकठकीला सासूबाईंनी सांगायचं, घुमते का नाही. दीर त्यांच्यासमोर हाताची घडी घालून बसले.

ठकठक. "घुमते."

ठकठक. "थांबली."

ठकठक. "नाही, थांबलेलीच आहे."

ठकठक. "घुमते." ठकठक. "अजून घुमते."

सर बाहेर आले. चेहरा उतरलेला. "आधीचं सगळं बरोबर," ते म्हणाले. "शेवटचं चुकलं. मी पंप बंद करायला लावला होता."

सासूबाईंनी तळहात भिंतीवर टेकवला. "पण घुमते हो, साहेब. आत्ता ह्या क्षणीसुद्धा घुमते."

"आई, पुरे आता," मोठे दीर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी बॅगेच्या बंदाला हात घातला.

तेवढ्यात सरांच्या हातातल्या फोनमधून गार्डचा आवाज आला. फोन चालूच होता. "साहब जी, हमने गलती से छोटावाला बंद कर दिया. बड़ावाला तो चल रहा है. उसको भी कर दूँ?"

सर म्हणाले, "करो."

सासूबाई भिंतीकडे बघत होत्या.

"थांबली," त्या म्हणाल्या.

मोठ्या दिरांनी बॅग उघडली आणि एकेक साडी काढून कपाटात ठेवायला लागले. घड्या पार विस्कटल्या. सासूबाई त्यांना ओरडल्या, "अरे, नीट ठेव की मेल्या!" इतक्या दिवसांत त्यांचा तसा आवाज आम्ही ऐकला नव्हता. मी आणि नवरा, दोघंही रडलो, सांगायला लाज कसली.

पुढे पाइपाच्या क्लॅम्पाखाली रबर घातलं आणि भिंत गप्प झाली. गोळ्या बंद करायच्या म्हणून मी त्यांना परत डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, अब दीवार घूमती है?"

"नहीं," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या. "अब रबर लगाया."

"दीवार को?"

"हाँ. पीछे से."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच पेन उचललं. आता ह्या गोळ्या दुप्पट करणार, हे मला स्पष्ट दिसलं. आणि तेव्हा कुठे मला तो हिंदी शब्द सुचला. "डॉक्टरसाहब, घूमती नहीं थी. गूँजती थी! दीवार गूँजती थी!" त्यांनी पेन खाली ठेवलं. मग जरा चिडूनच म्हणाले, की हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं.

"मग मी दुसरं काय सांगत होते?" सासूबाई म्हणाल्या.

सर आता निवृत्त होऊन पुण्याला गेलेत. सासूबाई इथेच आहेत, आणि कधीकधी त्यांना फोन करून लिफ्ट कशी कण्हते ते सांगतात. सर विद्वान की चक्रम, ते माझं अजून ठरत नाही. पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं.

सर निघाले होते. दारात उभ्याउभ्याच बूट घालत होते. सासूबाई भिंत न धरता बाहेर आल्या आणि आम्हा सगळ्यांदेखत त्यांना म्हणाल्या, "साहेब, तुम्ही एवढे शिकलेले. खरं सांगा. माझं डोकं ठीक आहे ना?"

मी डोळे घट्ट मिटून घेतले. म्हटलं, देवा, आता हा माणूस विचारणार, आणि केलंसवरलं सगळं मातीत जाणार. सरांनी तोंड उघडलंसुद्धा. मग एका पायात बूट, दुसरा हातात, तसेच थांबले.

"ठीक आहे, मावशी," ते म्हणाले.